वाचकांचे प्रश्न: इमेजमॅजिक बसलं, पण वेलांटी भलतीकडे

गेल्या अंकात इमेजमॅजिक (आज्ञा देऊन चित्रांवर काम करणारा प्रोग्रॅम) लिनक्सवर सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, कंपाइल करून कसं बसवायचं, ते लिहिलं होतं. टारची फाइल उतरवायची, उलगडायची, त्या फोल्डरमध्ये जाऊन ./कॉन्फिगर, मग मेक, मग सुडो मेक इन्स्टॉल आणि शेवटी सुडो एलडीकॉन्फिग, असा तो क्रम. सुडो म्हणजे ती आज्ञा संगणकाच्या मुख्य चालकाच्या अधिकाराने चालवणं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेते आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.

पत्रं निरनिराळ्या गावांची आणि तक्रारीही निरनिराळ्या, पण बहुतेकांचं मूळ एकाच जागी आहे. कॉन्फिगर तुमचा संगणक चाचपून बघतो आणि एखादी लायब्ररी, म्हणजे ठरावीक काम करणारा जोडकोड, सापडली नाही, तरी तो थांबत नाही. तेवढी सोय वगळून पुढे जातो. मग प्रोग्रॅम प्रत्यक्ष बनवणारं मेकसुद्धा सुरळीत पार पडतं. जे गळलं ते कळतं ऐन कामाच्या दिवशी. माझं रोजचं काम छपाईच्या आधीचं, म्हणजे प्लेट निघण्यापूर्वी चित्रं आणि रंग तपासून देण्याचं. तिथे अशी गळती फार महागात पडते, म्हणून या एका गोष्टीबद्दल मी आग्रही आहे: कॉन्फिगरने शेवटी छापलेला तक्ता वाचल्याशिवाय मेक टाइप करायचं नाही.

प्रश्न : ताई, मी शाळेत शिक्षक आहे. स्नेहसंमेलनाच्या प्रमाणपत्रांवर मुलांची नावं आपोआप छापावीत म्हणून तुमच्या लेखाप्रमाणे इमेजमॅजिक 7 कंपाइल केलं. कुठेही एरर आली नाही. पण नावं सगळी मोडतात. 'क्षितिज'चं काहीतरी भलतंच होतं, 'कीर्ती'चा रफार जातो आणि र चा पाय मोडलेला दिसतो. फॉन्ट बदलून पाहिले. टायपिंग बरोबर आहे, वर्डमध्ये तेच नाव नीट दिसतं.
– एक शिक्षक, बार्शी

उत्तर : सर, तुमचं टायपिंगही बरोबर आहे आणि फॉन्टही. तुमच्या इमेजमॅजिकमध्ये 'रॅक्म' ही लायब्ररी जोडली गेलेली नाही.

युनिकोडमध्ये 'क्षितिज' हा शब्द साठवला जातो तो असा: क, हलन्त, ष, ऱ्हस्व इकार, त, ऱ्हस्व इकार, ज. म्हणजे आपण उच्चारतो त्या क्रमाने. कागदावर मात्र वेलांटी अक्षराच्या आधी काढायची असते आणि क व ष मिळून एकच क्ष व्हायचा असतो. ही मांडणी करायला वेगळी यंत्रणा लागते. ते काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते आणि इमेजमॅजिक तिच्यापर्यंत रॅक्ममार्फत पोचतं. रॅक्म नसेल तर इमेजमॅजिक फ्रीटाइप या, फॉन्टमधल्या आकृत्या काढणाऱ्या लायब्ररीच्या जोरावर एकेक आकृती साठवलेल्या क्रमाने ओळीत मांडत जातं. ष नंतर आलेली वेलांटी मग त च्या आधी पडते, त नंतरची ज च्या आधी. तुमच्या नमुन्यात 'क्षितिज'चं 'क्‌षतिजि' झालेलं दिसतं ते यामुळेच. 'कीर्ती'चंही तेच: र, हलन्त, त हे तिघं सुटेच राहतात, रफार होऊन वर चढणं घडतच नाही. इंग्रजी नावांना यातलं काहीच लागत नाही, म्हणून बाहेरदेशी लिहिलेल्या बहुतेक मार्गदर्शनांत रॅक्मचा उल्लेख येत नाही. आपल्याला मात्र ती पहिली हवी.

खात्री करून घ्या. टर्मिनलवर 'मॅजिक -व्हर्जन' द्या. जे छापून येईल त्यात 'डेलिगेट्स' अशी ओळ असते आणि तिच्यात जोडल्या गेलेल्या लायब्रऱ्यांची नावं असतात. तिथे फ्रीटाइप असेल आणि रॅक्म नसेल, तर निदान पक्कं.

आता उपाय. उबुंटू किंवा डेबियनवर 'सुडो एपीटी इन्स्टॉल लिबरॅक्म-डेव्ह' करा. शेवटचं ते '-डेव्ह' महत्त्वाचं आहे, त्याबद्दल पुढच्या उत्तरात सांगते. मग सोर्सच्या फोल्डरमध्ये जाऊन आधी 'मेक डिस्टक्लीन' करा, म्हणजे जुनी जुळणी पुसली जाईल. पुन्हा ./कॉन्फिगर चालवा आणि इथे हात आवरा. शेवटी एक लांब तक्ता येतो. त्याच्या वर, ही जुळणी तुमच्या अपेक्षेप्रमाणे आहे ना ते पडताळा, अशा अर्थाचं वाक्य खुद्द कॉन्फिगरनेच छापलेलं असतं. खाली प्रत्येक लायब्ररीची एकेक ओळ. डावीकडे नाव, मध्ये '--विथ-रॅक्म=येस' असं काहीतरी, आणि अगदी उजवीकडे पुन्हा येस किंवा नो. लोक मधला येस बघून समाधान मानतात. मधला येस म्हणजे 'सापडली तर जोडा' एवढंच. सापडली की नाही, ते उजवीकडच्या शब्दात असतं. तुमच्या वेळी तिथे नो होतं. ते येस झालेलं दिसलं की मगच मेक.

दोन सूचना आणखी. फॉन्टचं नाव देण्याऐवजी फाइलचा पूर्ण पत्ता द्या, आणि फॉन्ट युनिकोडचाच हवा. मुक्त, नोटो सॅन्स देवनागरी, लोहित देवनागरी यांपैकी कुठलाही चालेल. शाळेच्या जुन्या संगणकावर जे डीटीपीचे फॉन्ट असतात, त्यांत देवनागरी आकृत्या इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेल्या असतात. रॅक्मला त्यांचं काही करता येत नाही. आणि सगळी प्रमाणपत्रं काढण्याआधी चाचणीला नावं निवडून घ्या: क्षितिज, कीर्ती, प्रज्ञा, हृषीकेश, श्रद्धा, ऐश्वर्या. ही सहा नीट उमटली तर शाळेच्या हजेरीपटातलं कुठलंही नाव सहसा अडत नाही. मुलाच्या हातात पडणाऱ्या कागदावर त्याचं स्वतःचं नाव मोडलेलं असू नये, यासाठी एवढी खटपट करायलाच हवी.

प्रश्न : माझा फोटो स्टुडिओ आहे. गिऱ्हाइकं आयफोनवरचे फोटो पेनड्राइव्हवर आणतात, त्या फाइली उघडत नाहीत. 'नो डीकोड डेलिगेट फॉर धिस इमेज फॉरमॅट' असं येतं. एपीटीने लिबहाइफ टाकलेलं आहे, तरी तेच. दुसरं, एकदा दुसऱ्या मशिनवर जेपीजी करून घेतले तर चेहऱ्यांचा रंग फिका आला.
– स्टुडिओचालक, मालवण

उत्तर : आयफोन 2017 पासून, म्हणजे आयओएस 11 आल्यापासून, फोटो एचईआयसी प्रकारात साठवतो. तो उलगडायला लिबहाइफ लागते हे तुम्ही बरोबर ओळखलंत. पण तुम्ही टाकलंय ते चालवायचं पॅकेज. कंपाइल करताना कंपायलरला त्या लायब्ररीच्या हेडर फाइली लागतात, आणि त्या 'लिबहाइफ-डेव्ह' या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. नुसती लायब्ररी असून हेडर नसतील तर कॉन्फिगरच्या लेखी ती लायब्ररी नाहीच. डेबियन आणि उबुंटूवर या पॅकेजांच्या नावाला शेवटी -डेव्ह असतं, फेडोरावर -डेव्हल.

स्टुडिओला लागतील ती सगळी एकदमच घालून टाका: लिबजेपेग-डेव्ह, लिबपीएनजी-डेव्ह, लिबटिफ-डेव्ह, लिबवेबपी-डेव्ह, लिबहाइफ-डेव्ह, लिबफ्रीटाइप-डेव्ह, लिबएलसीएमएस2-डेव्ह, आणि नावं घालत असाल तर वरची लिबरॅक्म-डेव्ह. सोबत बिल्ड-एसेन्शियल आणि पीकेजी-कॉन्फिग. हे शेवटचं नसेल तर बाकी सगळं असूनही कॉन्फिगरला बरंचसं सापडत नाही. नंतर डिस्टक्लीन करून पुन्हा पहिल्यापासून. झाल्यावर 'मॅजिक -लिस्ट फॉरमॅट' दिलंत की एचईआयसीच्या ओळीत आर हे अक्षर दिसायला हवं. ते वाचता येतं याची खूण. उबुंटू 24.04 वर एक पाहा: तिथे लिबहाइफचे प्लगइन निरनिराळ्या पॅकेजांत वाटले आहेत. आयफोनच्या फोटोंसाठी लिबडीई265 चं प्लगइन असायलाच हवं.

आता रंग. या प्रश्नाला मी जास्त जागा देणार आहे, कारण फाइल न उघडणं लगेच दिसतं, रंग बिघडणं मात्र फ्रेम भिंतीवर लागल्यावर दिसतं. आयफोनचे फोटो डिस्प्ले पी3 या रंगपट्ट्यात असतात. तो नेहमीच्या एसआरजीबीपेक्षा रुंद आहे. फाइलीतच एक प्रोफाइल असतं, आणि 'यातले आकडे पी3 चे समजा' असं ते सांगतं. जेपीजी करताना ते प्रोफाइल कुणी काढून टाकलं, तर आकडे तेच राहतात आणि पुढचा प्रोग्रॅम ते एसआरजीबीचे समजून दाखवतो. त्वचेतला तांबूसपणा उतरतो, चेहरा आजारी दिसतो. तुमचं नेमकं हेच झालं असणार. फाइल हलकी व्हावी म्हणून अनेक जण '-स्ट्रिप' हा पर्याय सवयीने लावतात. तो प्रोफाइलही उडवतो.

बरोबर पद्धत अशी: '-प्रोफाइल' या पर्यायाला एसआरजीबीच्या प्रोफाइलच्या (आयसीसी) फाइलीचा पत्ता द्यायचा. फोटोत आधीचं प्रोफाइल आहे म्हटल्यावर इमेजमॅजिक एकातून दुसऱ्यात खरं रूपांतर करतं. हे रूपांतर एलसीएमएस ही लायब्ररी करते. ती जोडलेली नसेल तर रूपांतर होतच नाही. एक इशारा छापला जातो, आणि शंभर फायलींच्या रांगेत तो कुणी वाचत नाही. म्हणून तक्त्यात एलसीएमएसच्या पुढे येस आहे ना ते बघितल्याशिवाय स्टुडिओच्या कामाला हात घालू नका. छापखान्याला सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांची, फाइल द्यायची असेल तर हेच दुप्पट लागू. प्रोफाइलशिवाय नुसतं '-कलरस्पेस सीएमवायके' केलं तर ते निव्वळ आकडेमोडीचं रूपांतर असतं. त्याला शाई किती बसते आणि कागद किती पितो यातलं काही ठाऊक नसतं. छापखान्याकडून त्यांच्या कागदाचं प्रोफाइल मागून घ्या. चांगला छापखाना ते आनंदाने देतो.

प्रश्न : मेक इन्स्टॉल झालं. पण मॅजिक टाइप केलं की 'लिबमॅजिककोर' नावाची फाइल उघडता येत नाही म्हणतो. फाइल तर डोळ्यांसमोर आहे. कन्व्हर्ट टाइप केलं तर मात्र जुनं 6 नंबरचं चालू होतं.
– छपाई व्यावसायिक, इचलकरंजी

उत्तर : सुडो एलडीकॉन्फिग राहिलं. तुम्ही बसवलेलं सगळं /यूएसआर/लोकल च्या खाली गेलं, लायब्रऱ्या /यूएसआर/लोकल/लिब मध्ये. लायब्रऱ्या कुठे आहेत त्याची एक यादी लिनक्स तयार ठेवतो, आणि ती एलडीकॉन्फिग चालवल्यावरच ताजी होते.

दुसरं म्हणजे, वितरणातलं इमेजमॅजिक 6 तुमच्या संगणकावर आधीपासून आहे, उबुंटू 24.04 मध्येही 6.9 मालिकाच येते. दोन्ही एकत्र नांदू शकतात. 'विच कन्व्हर्ट' आणि 'विच मॅजिक' देऊन कोणता प्रोग्रॅम कुठून चालतोय ते बघा, आणि नव्यासाठी यापुढे मॅजिक हीच आज्ञा वापरा. सोर्सचं फोल्डर मात्र पुसू नका. उद्या काढून टाकायचं झालं तर त्याच फोल्डरमधून सुडो मेक अनइन्स्टॉल करावं लागतं.

प्रश्न : आमच्या वाचनालयात जुन्या मासिकांचे अंक आहेत, काही 1930 च्या आसपासचे. आम्ही काही स्वयंसेवक ते 600 डीपीआयवर (इंचाला 600 ठिपके) स्कॅन करतो. संगणकाला 4 जीबी मेमरी आहे, इमेजमॅजिक एका पानालाच धापा टाकतं. शिवाय टेसरॅक्टने मजकूर काढायचा आहे. तेही सोर्सवरून बसवलं, पण टिफ फाइल दिली की वाचता येत नाही म्हणतं. पीएनजी चालते. आणि ओसीआरमध्ये, म्हणजे चित्रातून मजकूर ओळखताना, अनुस्वार गायब होतात ते वेगळंच.
– वाचनालयातील एक स्वयंसेवक, वाई

उत्तर : तुमचं पत्र आलं आणि इतर कामं बाजूला ठेवून आधी हेच वाचलं. हे अंक टिकले पाहिजेत.

आधी मेमरी. ए4 आकाराचं पान 600 डीपीआयवर 4960 गुणिले 7016 ठिपक्यांचं होतं, म्हणजे जवळजवळ 3 कोटी 48 लाख. प्रत्येक ठिपक्याचे तांबडा, हिरवा, निळा असे तीन आकडे. इमेजमॅजिक 7 नेहमीच्या जुळणीत, तिला क्यू16 एचडीआरआय म्हणतात, प्रत्येक आकडा 4 बाइटमध्ये ठेवतं. गुणाकार केला तर एका पानाला किमान 41 कोटी बाइट लागतात. तुम्ही पान सरळ करता, कडा कापता, उजळ करता. प्रत्येक पायरीला आणखी एक प्रत मेमरीत उभी राहते. जागा संपली की इमेजमॅजिक डिस्कवर लिहू लागतं. तुम्हाला जाणवते ती धाप हीच.

तुमच्या कामाला एवढी बारीक मापं लागत नाहीत. कॉन्फिगर करताना '--विथ-क्वांटम-डेप्थ=8' आणि '--डिसेबल-एचडीआरआय' हे दोन पर्याय द्या. मग प्रत्येक आकडा 1 बाइटचा होतो आणि तेच पान साधारण 10 कोटी बाइटमध्ये मावतं. छापील मजकुराच्या पानांना यात काही गमावत नाही. पण वाचनालयाकडे फोटो किंवा चित्रकारांची मूळ चित्रं असतील आणि स्कॅनर ती 16 बिटांवर देत असेल, तर त्यांना या जुळणीतून नेऊ नका; अर्धी माहिती कायमची जाईल. '--प्रीफिक्स' (बसवण्याची जागा) वेगळा देऊन दोन जुळण्या शेजारी शेजारी बसवता येतात. मजकुराची पानं स्कॅनरवरूनच रंगीत न घेता करड्या छटांत घेतली, तर भार आणखी उतरतो.

टेसरॅक्टचं दुखणं त्याच जातीचं आहे, फक्त एक पायरी मागे. टेसरॅक्ट चित्रं स्वतः उघडत नाही, ते काम लेप्टोनिका या लायब्ररीकडे सोपवतं. तुम्ही लेप्टोनिकाही सोर्सवरून बसवली असणार, आणि त्या वेळी लिबटिफ-डेव्ह नव्हतं. लेप्टोनिका टिफशिवाय बनली, टेसरॅक्ट तिच्यावर बनलं, तक्रार कुणीच केली नाही. 'टेसरॅक्ट --व्हर्जन' द्या. लेप्टोनिकाच्या ओळीखाली लिबजेपेग, लिबपीएनजी अशी नावं येतात. लिबटिफ नसेल तर ते पॅकेज घाला, आधी लेप्टोनिका पुन्हा बनवा, मग टेसरॅक्ट. टेसरॅक्ट बनवताना लेप्टोनिका सापडत नाही असं आलं, तर पीकेजी_कॉन्फिग_पाथ मध्ये /यूएसआर/लोकल/लिब/पीकेजीकॉन्फिग हा पत्ता द्या. मराठीची एमएआर डॉट ट्रेनडडेटा ही फाइल वेगळी उतरवून /यूएसआर/लोकल/शेअर/टेसडेटा मध्ये ठेवायची असते, ती मेक इन्स्टॉलबरोबर येत नाही. तिच्या बेस्ट आणि फास्ट अशा आवृत्त्या मिळतात. तुम्हाला घाई नाही, बेस्ट घ्या.

अनुस्वारांचं कारण कंपाइलमध्ये नाही, तुमच्या साफसफाईत आहे. पत्रासोबत तुम्ही आज्ञा पाठवलीत हे फार बरं केलंत. तिच्यात '-डिस्पेकल' दिसतंय. पानावरचे धुळीचे ठिपके जावेत म्हणून ते लावलंय, पण प्रोग्रॅमला धूळ आणि अनुस्वार यांतला फरक कळत नाही. जुन्या खिळ्याच्या छपाईत अनुस्वार साधारण 0.3 मिलिमीटरचा धरला, तर 600 डीपीआयवर तो सात ठिपके रुंद असतो. तुम्ही वेग यावा म्हणून पान आधी 150 डीपीआयपर्यंत लहान करताय. तिथे तो जेमतेम दोन ठिपक्यांचा उरतो आणि डिस्पेकल त्याला पुसून टाकतं.

तुमच्या अंकांना हे जास्तच बाधतं. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, त्याआधीच्या छपाईत ते पानोपान आहेत. 'त्यांनीं', 'घरांत', 'मुलें', 'कां' असे. ते टिंब त्या काळच्या व्याकरणाचा भाग आहे, आणि तुमच्या प्रतीत ते राहायलाच हवं. तेव्हा पान लहान करू नका, किंवा केलंच तर 300 च्या खाली नेऊ नका. डिस्पेकल काढून टाका. कडेची धूळ नकोच असेल तर मजकुराच्या चौकटीबाहेरचा भाग पांढरा करा, आतल्या ठिपक्यांना हात लावू नका. ठरावीक आकाराखालचे सगळे ठिपके पुसणारे इतर पर्यायही इथे तितकेच घातक. आणि काहीही झालं तरी मूळ 600 डीपीआयची टिफ फाइल जपून ठेवा. उद्याचं ओसीआर आजच्यापेक्षा चांगलं असेल, पण त्याला द्यायला मूळ प्रत हवी.

प्रश्न : प्रोजेक्टसाठी ओपनसीव्ही ही चित्रं तपासण्या-ओळखण्याची लायब्ररी कंपाइल करतोय. तासभर चालून 'किल्ड' म्हणून बंद पडतं. मित्राच्या मशिनवर झालं, पण तिथे आयएमशो (चित्र खिडकीत दाखवणारी आज्ञा) केल्यावर 'फंक्शन इज नॉट इम्प्लिमेंटेड, रीबिल्ड द लायब्ररी' असं येतं.
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : 'किल्ड' म्हणजे मेमरी संपली आणि लिनक्सनेच कंपायलरला मारलं. ओपनसीव्ही सी++ मध्ये आहे आणि तिच्या काही फाइलींना एकेकट्याला भरपूर मेमरी लागते. तुम्ही मेक -जे दिलं असणार, पुढे आकडा नसणार. आकडा नसला की मेक एकाच वेळी हव्या तितक्या फाइली घ्यायला मोकळं असतं. 'मेक -जे2' द्या. वेळ जास्त लागेल, पण पार पडेल. काम कमीही करता येतं: ओपनसीव्हीत कॉन्फिगरचं काम करणाऱ्या सीमेकला बिल्ड_टेस्ट्स आणि बिल्ड_पर्फ_टेस्ट्स ऑफ करून द्या, आणि बिल्ड_लिस्ट मध्ये तुम्हाला लागणारे भागच लिहा, उदाहरणार्थ कोअर, आयएमजीप्रोक, आयएमजीकोडेक्स, हायजीयूआय. कॉन्ट्रिब हा जादा भाग फक्त सिफ्टसाठी (चित्रातल्या ओळखीच्या खुणा शोधणारी पद्धत) घेत असाल तर त्याची गरज नाही. सिफ्टच्या पेटंटची मुदत 2020 मध्ये संपली आणि 4.4.0 पासून सिफ्ट मुख्य भागातच आहे.

मित्राच्या मशिनवर खिडकी उघडणारी लायब्ररी सापडली नव्हती. जीटीके या तशा लायब्ररीचं -डेव्ह पॅकेज घालून, सीमेककॅश डॉट टीएक्सटी पुसून पुन्हा सीमेक चालवा. सीमेकही शेवटी तक्ता छापतो. त्यात जीयूआय या शीर्षकाखाली जीटीकेपुढे येस हवं. तयार झालेल्या लायब्ररीत काय आहे ते पायथनमधून सीव्ही2 डॉट गेटबिल्डइन्फर्मेशन ने केव्हाही छापता येतं. प्रोजेक्टच्या वहीला तेच पान जोडा. परीक्षकांनी विचारलं तर तुमच्याकडे उत्तर असेल.

प्रश्न : मी जर्मनीत पीएचडी करते आहे. सूक्ष्मदर्शकाची 16 बिट टिफ चित्रं विद्यापीठाच्या सर्व्हरवर प्रक्रिया करायची आहेत. तिथे मला सुडो नाही.
– एक संशोधक विद्यार्थिनी, ग्योटिंगेन

उत्तर : सुडोची गरज नाही गं. कॉन्फिगरला '--प्रीफिक्स' देऊन तुझ्या होम फोल्डरमधली एखादी जागा सांग, मग मेक इन्स्टॉल सुडोशिवायच होतं. त्या जागेतलं बिन फोल्डर पाथ मध्ये घाल. लायब्ररी सापडावी म्हणून एलडी_लायब्ररी_पाथ वापरता येतो, पण त्याचा परिणाम तुझ्या बाकीच्या प्रोग्रॅमवरही होतो. कॉन्फिगरच्या वेळी एलडीफ्लॅग्ज मध्ये आरपाथ, म्हणजे लायब्ररीचा पत्ता, देणं अधिक स्वच्छ. -डेव्ह पॅकेजं तुला घालता येणार नाहीत, म्हणून सर्व्हरवर मॉड्यूल ची, म्हणजे आधीच बसवलेल्या गोष्टी हव्या तेव्हा चालू करून घेण्याची, सोय आहे का ते आधी बघ. तिथे लिबटिफ बहुधा तयार मिळते. वाईच्या वाचकांना सांगितलेली 8 बिटांची जुळणी तू मात्र अजिबात करू नकोस. तुझी मापं त्या खालच्या बिटांतच आहेत.

प्रश्न : आमचं वधूवर सूचक मंडळ आहे. वेबसाइटवर लोक फोटो चढवतात, ते इमेजमॅजिकने लहान करतो. आधी पीडीएफ दिली की 'सुरक्षा धोरणात परवानगी नाही' असं यायचं. स्वतः कंपाइल केल्यापासून पीडीएफसुद्धा चालते. हे चांगलंच झालं ना?
– मंडळाचे चालक, नाशिक

उत्तर : नाही, आणि हे आजच बदला. 2016 मध्ये इमेजमॅजिकमध्ये एक मोठी फट सापडली होती, ती इमेजट्रॅजिक या नावाने गाजली. मुद्दाम घडवलेली फाइल फोटो म्हणून चढवली की सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता येत होती. पुढे 2018 मध्ये पीडीएफ वाचणाऱ्या घोस्टस्क्रिप्टमध्ये तशाच फटी निघाल्या, तेव्हा उबुंटू आणि डेबियनने पॉलिसी डॉट एक्सएमएल या फाइलीत पीडीएफवर बंदी घातली. तुम्हाला आधी अडवणारी ती हीच बंदी. तुम्ही कंपाइल केलेल्या प्रोग्रॅमची पॉलिसी फाइल वेगळी आहे, /यूएसआर/लोकल/ईटीसी/इमेजमॅजिक-7 मध्ये, आणि ती मूळची मोकळी असते.

सोर्सवरूनच चालवायचं असेल तर कॉन्फिगरला '--विथ-सिक्युरिटी-पॉलिसी=वेबसेफ' देऊन पुन्हा बनवा. त्यात वेबवर नेहमी लागणाऱ्या मोजक्या प्रकारांनाच मुभा राहते. तुम्हाला फोटोच हवे आहेत, पीडीएफ घ्यायचं कारण नाही. आयफोनची एचईआयसी घ्यायची असेल तर तेवढी एक ओळ पॉलिसीत समजून उमजून वाढवा.

आणि एक विचारते: तुम्हाला सोर्सवरून बनवायची खरंच गरज होती का? वितरणातल्या पॅकेजला सुरक्षेच्या दुरुस्त्या एपीटीने मिळू शकतात. स्वतः बनवलेल्याला त्या मिळत नाहीत. नवी आवृत्ती आली की उतरवणं, तक्ता वाचणं, मेक करणं हे सगळं तुमच्यावर. बार्शीच्या सरांना रॅक्म हवी होती, वाईच्या मंडळींना 8 बिट हवे होते. तुम्हाला फक्त जेपीजी लहान करायच्या आहेत. लोकांच्या मुलामुलींचे फोटो आणि पत्ते तुमच्या सर्व्हरवर आहेत. सोर्सच्या फोल्डरमधून सुडो मेक अनइन्स्टॉल करा, एपीटीचं इमेजमॅजिक परत घाला, आणि त्याच्या पॉलिसीतली पीडीएफची ओळ आहे तशीच राहू द्या.